फाट्यावरचं मोटरीचं दुकान

२४ मे

प्रिय दुधराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तीस वर्षं गावच्या डाकघरात बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, स्वतः मात्र कोणाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. लिहायची वेळ आली ती रिटायर झाल्यावर, आणि तीही तुला. फोन केला असता, पण मागच्या वेळी फोनवर तुझी जीभ अडखळली, शब्द सापडेना, आणि तू चिडून फोन सूनबाईच्या हाती दिलास. मला ते ऐकवलं नाही. आता सूनबाई सांगते की तू रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतोस, चष्माही आपल्या हातानं लावतोस. मग म्हटलं, पत्रच बरं. पत्राला तुला लगेच उत्तर द्यावं लागणार नाही आणि तुला मला मधेच तोडताही येणार नाही. एकच विनंती आहे, हे पत्र एकट्यानं वाच. पोराला, हिमांशुला, नंतर दे. द्यायचंच आहे, पण आधी तू वाच.

गावची खबर अशी की उन्हाळी धान निघालं. परवा माझं शेवटचं चुंगडं भरून, तोंड शिवून घरात आलं. दाणा भरलेला आहे, हातात घेतला की जड लागतो. ऊन असं पडतं की अकरा वाजता फाट्यावर कुत्रंही दिसत नाही. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं मात्र सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालतात, आणि तुझी वहिनी शकुंतला वर पाहून म्हणते, "यायले ऊन नाई लागत का?" रुख्माचं चहाचं टपरं चालू आहे. खेमराजच्या लेथवर नवी शेड आली. फाट्यावरचा रस्ता रुंद होऊन राहिला आहे, हे तुला हिमांशुनं सांगितलंच असेल.

पण मला लिहायचं आहे ते एप्रिलमधल्या सहा दिवसांबद्दल. आणि ते सांगायचं तर आधी दोन वर्षांपूर्वीची माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती तुला कोणी सांगितली नसणार. तुझ्या लेकीनं, पुष्पांजलीनं, तर नाहीच.

तुला लकवा मारला, हिमांशु येऊन तुला आणि वहिनींना पुण्याला घेऊन गेला आणि दुकानाला कुलूप लागलं. आम्ही सगळ्यांनी मनात धरलं की संपलं, फाट्यावर आता मोटर भरणारा, जळलेल्या मोटरीत नवी तार घालणारा, राहिला नाही. महिन्याभरानं मी पंचायतीकडे चाललो होतो, तर शटर उघडं. आत पुष्पा. सासरहून, कुडव्याहून, स्कूटीवर आलेली, ओढणी कंबरेला खोचलेली, तुझ्या बाकावर बसून कोणाचा तरी पंखा खोलत होती. मी विचारलं, जावईबापूंना चालतं का? ती म्हणाली, "पीयूषनंच तं सकाळी शटरले ग्रीस लावून देल्लं, काका." तिनं आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला तेव्हा तू मला म्हणाला होतास, "लागन कुठंतरी नोकरी." दुकानाचं नाव तूही काढलं नव्हतंस. हिमांशुला तू सातवीपासून सुट्टीत दुकानात बसवायचास आणि त्या बिचाऱ्याला वार्निशच्या वासानं मळमळायचं. ही मागे पोत्यावर बसून गृहपाठ करायची. गृहपाठ कमी आणि तुझे हात जास्त बघायची, हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे? माझ्या तर आलं नव्हतं.

त्याच हंगामात माझी बोअरची मोटर मंद चालायला लागली. पुष्पानं स्वतः येऊन सांगितलं, "काका, आना, म्या भरून देतो." आपल्याकडच्या पोरी बापासारखंच बोलतात बघ, 'देतो'. आणि मी काय म्हणालो, ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला अजून टोचतं. मी म्हणालो, "बेटा, तू मिक्सर-कूलर पाहा. मोटर भरनं तुहं काम नोहे." ती "ठीक आहे काका" इतकंच म्हणाली आणि स्कूटी वळवून गेली. मी गोंदियाला गेलो. तिथं एक नवं शोरूम उघडलं आहे, काचेचं दार, आत थंडगार हवा, जुनी मोटर द्या आणि नवी न्या, वर दोन वर्षांची गॅरंटी. मी एकटाच गेलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण मी शेतकरी गटाचा अध्यक्ष. मी घेतली म्हटल्यावर बकारामनं घेतली, त्याच्या भावानं घेतली, बघता बघता आपल्या बाजूच्या दहा-बारा जणांनी घेतली. जुन्या मोटरी, ज्या तू पाच-पाच वेळा भरून दिल्या होत्यास, त्या पिकअपमध्ये भरून गेल्या त्या गेल्याच.

गड्यांनी पाठ फिरवली तरी दुकान बंद पडलं नाही, ते बायकांमुळे. त्यात तुझी वहिनी पुढे. बचत गटाच्या बैठकीत शकुंतलानं सरळ सांगितलं, की घरातली जी वस्तू बिघडेल ती फाट्यावर जाईल, गोंदियाला नाही. कूलर, पंखे, मिक्सर, शिलाई मशीनच्या मोटरी, सगळं पुष्पाकडे. मी एकदा म्हटलं की एवढ्याशा कामावर दुकान चालतं का, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्यासारखे चार भले मानसं असले तं नाईच चालणार." तिचं बोलणं तुला माहीत आहे. मी ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसलो. खरं सांगू, दुकान चालू नये, असं तेव्हा माझ्या मनात कुठंतरी होतंच. का होतं, ते शेवटी लिहितो. आत्ता लिहायला हात धजत नाही.

आता एप्रिल. धान गर्भात आलं होतं, काही बांध्यांमध्ये निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला, लागलं होतं. तुला सांगायला नको की या वेळी दोन दिवस पाणी तुटलं तर सहा महिन्यांचं पोचट होतं. एका दुपारी तीनच्या सुमाराला कोरडं वावधन सुटलं. पाऊस चार थेंब, पण वारा असा की रुख्माच्या टपराचे टिन उडून तलावात पडले. आपल्या शेतांच्या अंगाला लाइनवर मोहाची मोठी फांदी आली आणि तारा एकमेकींवर आदळल्या. सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर, लाइन आली की आपोआप चालू होणाऱ्या. मी आंब्याखाली उभा होतो, माझ्या स्टार्टरच्या पेटीतून धूर निघताना पाहिला. लाइनमननं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाइन नीट करून दिली, बिचारा उन्हात खांबावर होता. पण लाइन येऊन उपयोग काय? एका फटक्यात अकरा मोटरी जळल्या होत्या. अकरा, दुधराम. आपल्या बाजूचं जवळजवळ सगळं उन्हाळी धान त्या अकरा मोटरींवर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप केली, अकराही मोटरी काढून तिच्यात टाकल्या आणि बकारामला घेऊन गोंदियाच्या शोरूमला गेलो. काउंटरवरचा पोरगा वाईट नव्हता. त्यानं आम्हाला थंड पाणी दिलं, मग कम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "चाचाजी, मशीन नागपुर जाएगी. पंद्रह-बीस दिन तो लगेंगे. और आंधी-बिजली गारंटी में नहीं आती." मी म्हटलं, अरे बाबा, धान निसवून राहिला आहे. तो माझ्याकडे पाहत राहिला. निसवणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याच्या खिडकीतून धान दिसत नाही. "हमारे हाथ में कुछ नहीं है," म्हणाला. खरंच होतं ते. त्याच्या हातात काहीच नव्हतं. बकाराम बाहेर येऊन फुटपाथवर खाली बसला. साठ वर्षांचा माणूस, मांडीवर हात ठेवून नुसता बसला.

परत येताना फाट्यावर पिकअप हळू झाली. मला पुष्पाच्या दुकानाकडे बघायचंही धाडस होत नव्हतं. कोणत्या तोंडानं जाणार? पण बघतो तर तुझी वहिनी आधीच दुकानापुढे बाज टाकून बसलेली, आणि पुष्पा रस्त्यावर उभी राहून हात करते आहे, गाडी मागे लावा म्हणून. मी उतरलो, काही तरी बोलायला तोंड उघडलं. तिनं बोलूच दिलं नाही. "काका, आधी मोटरी उतरवा, बोलनं मंग." अकरा मोटरी दुकानापुढे ओळीनं उभ्या राहिल्या. तिनं एकेक खोलून वास घेतला, अगदी तुझ्यासारखं नाक आत घालून. मग स्कूटी काढली आणि म्हणाली, मी शेतं पाहून येतो. आम्ही चक्रावलो. मोटर जळली इथं आणि ही शेतात कशाला चालली? तासाभरानं परत आली, तोंड उन्हानं लाल झालेलं, आणि खडूनं प्रत्येक मोटरीवर नंबर टाकले. पहिला बकारामचा. माझा नववा.

खोटं कशाला सांगू, माझा पारा चढला. मला वाटलं, पोरगी उट्टं काढते आहे. गटाचा अध्यक्ष मी, पिकअप मी केलेली, आणि मी नववा? शकुंतलाही माझ्याकडे बघून हसू दाबत होती. पुष्पानं ओळखलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या बांधीले बाजूच्या बोडीच्या पान्याची ओल आहे. आताच हात घालून पाह्यलो, चार दिवस धीर धरते. बकारामकाकाची माती हलकी, उद्या पानी नाई भेटलं तं पोचट होईन." माझ्या शेतात चार दिवस ओल राहते हे मला चाळीस वर्षांत नीट कळलं नव्हतं, आणि हिनं तासाभरात अकरा बांध्यांमध्ये हात घालून ते ठरवलं. लहानपणी तुझ्या सायकलवर पुढे बसून ती प्रत्येक बोअरवर आलेली होती ना. कोणाची जमीन कशी, कोणाच्या बोअरला पाणी किती खोल, कोणाचा स्टार्टर खराब, सगळं तिच्या डोक्यात. अशी गॅरंटी कोणत्या शोरूमच्या कागदावर लिहून मिळते, सांग.

पण एकटी बाई अकरा मोटरी भरणार कशी? पाण्यातल्या मोटरीची तार एकेका भोकातून ओवावी लागते, तुला काय सांगायचं. एका मोटरीला दिवस जातो. तिनं बचत गटातल्या मंजू आणि गंगाला बोलावलं. "तुमची रोवनीची बोटं मले पायजे," म्हणाली. आणि खरंच, रोप रोवणारी ती बोटं काय भराभर चालायची! पहिल्या दिवशी पुष्पा दर पाच मिनिटांनी उठून बघायची, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांनी. तार दुसऱ्याच दिवशी संपली, तो रविवार होता. गोंदियाच्या तारवाल्या ईश्वरदासला तिनं फोन केला. त्याचं दुकान रविवारी बंद असतं, पण "दुधराम की बेटी है ना?" म्हणून त्यानं कुलूप उघडलं आणि तारेचं बंडल दुपारच्या बसमध्ये कंडक्टरजवळ पाठवून दिलं. मोटरीच्या दांड्यावर बसणारे बुश हवे होते ते खेमराजनं रस्त्याच्या पलीकडे, आपल्या लेथवर, हातातलं दुसरं काम बाजूला ठेवून करून दिले. रुख्माचे टिन आम्ही चौघांनी तलावातून काढून ठोकले, कारण दुकानापुढे जमलेल्या एवढ्या माणसांना चहा पाजणार कोण? त्या चार दिवसांत मी फाट्यावर बसून एक गोष्ट पाहिली. एका दुकानाचं शटर उघडं होतं म्हणून पाच घरांचे हात चालत होते. तेच काम गोंदियाहून नागपूरला गेलं असतं तर आम्ही अकरा जण ओसरीवर बसून नुसते मोबाईल बघत राहिलो असतो.

आता एक गोष्ट जी पुष्पा तुला कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. बकारामची मोटर पहिली भरली, बोअरमध्ये सोडली, पाणी आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत जळली. बकाराम मोटर ट्रॅक्टरवर टाकून आला तो ओरडतच. "म्या पहिलेच म्हनलो होतो! बाईमानसानं भरलेली मोटर बोरमंदी सोडाची नोहोती!" पन्नास माणसं उभी. मनात म्हटलं, संपलं, आता कोणी हिच्या दारात उभं राहणार नाही. पुष्पानं मोटर घेतली, सगळ्यांसमोर खोलली, आतली तार बोटानं चाचपत गेली आणि एका जागी थांबली. तिनं लाइनला दोष दिला नाही, व्होल्टेजला नाही, मंजूचंही नाव घेतलं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माही आहे, काका. ओवताना तार सोलली. म्या पाह्यले पायजे होतं, नाई पाह्यलो. आता बाकी सगळं थांबवून तुमची करतो." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. आणि ती खाली बसली. बकाराम तिथंच बाकावर बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. पहिला अर्धा तास बडबडत होता, मग चहा प्याला, मग तिच्या हातात पक्कड द्यायला लागला. सूर्य मावळायच्या आत मोटर पाण्याच्या ड्रममध्ये फिरली. जाताना तो मला म्हणाला, "शहरात कोनाले बोलू म्या, उमराव? इथं भांडाले मानूस तं आहे." इतकं शहाणपणाचं वाक्य बकारामच्या तोंडून मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझे बाबा आठवले. तुलाही आठवत असतील. तू नागपूरहून वाइंडिंग शिकून आलास, मिशा नुकत्या फुटलेल्या. पहिली मोटर कोणी दिली तुला? माझ्या बाबांनी. ती तू भरलीस आणि आठ दिवसांत जळली. परत भरलीस, परत जळली. मी चिडलो होतो. तू माझा दोस्त असूनही मी म्हटलं होतं की बाबा, आता तरी गोंदियाला नेऊ. बाबांनी तिसऱ्यांदा मोटर खांद्यावर घेतली आणि तुझ्याच झोपडीत नेऊन ठेवली. "शिकून राहिला तो," म्हणाले. "आपून नाई देल्ली तं शिकन कायच्यावर?" ती तिसरी मोटर अकरा वर्षं चालली. तू पंचक्रोशीतला नावाजलेला मिस्त्री झालास, तो हुशारीनं झालास हे खरं, पण त्या तिसऱ्या मोटरीनंही झालास. आणि त्याच बापाचा मुलगा मी, तुझ्या पोरीला पहिलीसुद्धा द्यायला तयार नव्हतो.

काम सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी माझा नंबर आला. ती स्वतः माझ्या बोअरवर आली. मी, पीयूष आणि ती, तिघांनी मोटर खाली सोडली. बटण दाबलं, पाइपात हवा गुडगुडली, आधी गढूळ आणि मग काचेसारखं पाणी धो धो बांधीत पडलं. तिनं तारेला मीटर लावला, आकडा बघत ओठ हलवत राहिली. तू असाच ओठ हलवायचास, नेमका असाच. मला तिथं बांधावर उभ्या उभ्या असं वाटलं की छाती फुटून जाईल. माझी पोरगी नाही ती, तुझी आहे, पण अभिमान काय सातबारा बघून येतो का? मी म्हणालो, "बेटा, त्या दिवशी मी चुकलो. तुला नाही म्हणायला नको होतं." मला वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या काका. पण ती तुझी पोरगी. मीटर गुंडाळत म्हणाली, "हो काका, चुकले तुमी. तवा देल्ली असती तं बकारामकाकाची मोटर दुसऱ्यांदा जळली नसती. मिक्सरवर हात मिक्सरपुरताच बसते. मोटरीवर हात मोटरीवरच बसते." मी कित्येक भाषणं ऐकली आहेत, गावचं काम गावात ठेवा म्हणून सांगणारी. मला ते खरं कळलं ते त्या बांधावर. आपण गावच्या माणसाला काम दिलं नाही, तर तो कच्चाच राहतो, आणि मग आपणच म्हणतो की बघा, गावचा माणूस कच्चा.

सहाव्या दिवशी अकरावी मोटर चालली. अकराही बांध्या पिकल्या. बकारामच्या एका कोपऱ्यात थोडं पोचट निघालं, बाकी सगळं दाण्यानं भरलं. एक मेच्या ग्रामसभेत नळयोजनेच्या पंपाचा विषय आला. दरवर्षी बाहेरचा एक ठेकेदार तो पंप घेऊन जातो आणि गाव महिनाभर हापशावर रांग लावतं. एक सदस्य म्हणाले, परंपरेप्रमाणे त्यांनाच देऊ. मी उभा राहिलो. बोलायचं खूप ठरवलं होतं, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की ज्या माणसाला आपण सकाळी जाऊन दारात उभं राहून विचारू शकतो, काम त्याला द्या. माझ्या मागून बकाराम ओरडला, "आनि ज्याच्याशी भांडू शकतो!" सभा हसली आणि सगळे हात वर झाले. तो पंप आज पुष्पाच्या बाकावर आहे. मंजू आणि गंगा आता रोज दुकानात येतात. परवा तिरोड्याकडचा एक शेतकरी मोटर घेऊन आला, विचारत होता, "ते बाई मोटर भरते ते दुकान कोनतं?" रुख्मानं टपरातूनच हात केला. पुष्पाची खुशी तिसरीत गेली, सुट्टी लागली तशी आईबरोबर स्कूटीवर येते आणि मागच्या पोत्यावर बसून चित्रं काढते. काल पाहिलं तर चित्र सोडून आईचे हात बघत होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जानेवारीत हिमांशुचा मला फोन आला होता. फाट्यावरची जागा विकायची आहे, काका, रस्ता मोठा होतोय, चांगलं गिऱ्हाईक बघा, बाबाही तयार आहेत. दोन दिवसांनी मी त्याला कळवलं की गिऱ्हाईक आहे, नाव नंतर सांगतो. ते गिऱ्हाईक मी होतो, दुधराम. माझ्या मुन्नाला टाइल्सच्या गोडाउनसाठी ती जागा दुकानाला कुलूप लागलं तेव्हापासूनच हवी होती. चाळीस वर्षांच्या दोस्ताला मी ते तोंडानं सांगू शकलो नाही, आणि दुकान जितकं ओस पडेल तितकं मला बरंच होतं, म्हणून त्या पोरीला मी कधी हात दिला नाही. हे लिहून झालं, आता हलकं वाटतं. मी मागे हटलो आहे. मुन्ना चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी आपल्या घरचा बंद कूलर उचलून फाट्यावर घेऊन गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तू सही करायला येणार आहेस, हे हिमांशु सांगतो. पुष्पाला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, बाबा दुकान बघायला येऊन राहिले. तिनं दुकानात तुझ्यासाठी हात टेकायची खुर्ची करून घेतली आहे, डाव्या बाजूनं बसता यावं अशी, आणि त्या दिवशी नळयोजनेचा पंप तुझ्यासमोरच चालू करायचा म्हणून थांबवून ठेवला आहे; नळाला तोवर तिनं भाड्याचा पंप जोडून दिला आहे, म्हणून हापशावर रांग नाही. तू ये. गिऱ्हाईक नाही म्हणून येणं रद्द करू नकोस, आणि दुसरं गिऱ्हाईक शोधूही नकोस. तिथं बस, पंपाला कान लाव, आणि मग तिला विचार की या जागेचं काय करायचं. आजपर्यंत तिला कोणी विचारलेलं नाही, तूही नाही आणि मीही नाही. ती जे सांगेल त्या कागदावर सही कर. साक्षीदार म्हणून माझी सही मी करीन, अक्षर अजून चांगलं आहे.

वाट बघत, तुझाच आणि आता तुझ्या पोरीचाही,
उमराव